हस्ताच्या विजा, खाडीची माती

शनिवार, नेरूळ

ट्रॅव्हल्सवाल्याने पहाटे नेरूळच्या एलपी थांब्याला उतरवलं. मिरजेहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांना हा क्रम पाठ असतो: कळंबोलीला अर्धी गाडी रिकामी, मग खारघर, बेलापूर आणि मग एलपी. धाकटा भाऊ त्याचा छोटा हत्ती घेऊन आला होता. माझ्या पिशवीला जागा करायला त्याने तांब्याच्या पट्टीचं वेटोळं, खड्या मिठाची पोती आणि कोळशाची गोणी मागे ढकलली. नवी मुंबई-ठाण्यातल्या इमारतींचं अर्थिंग करणं आणि गच्चीवर लायटनिंग अरेस्टर बसवणं हा त्याचा धंदा. अरेस्टरला या धंद्यातली माणसं नुसतं ‘एलए’ म्हणतात.

मी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं. तडितरक्षकाची आकृती दरवर्षी फळ्यावर काढली: वर टोकदार सळई, खाली पट्टी, जमिनीत खड्डा. प्रत्यक्ष काम मात्र जवळून बघायचा योग कधी आला नाही. मे महिन्यात फोनवर तसं बोलले, तर हा म्हणाला, “ताई, ऑक्टोबरात ये. हस्त सरेपर्यंत मला जेवायला फुरसत नसते, पण बघायला तेव्हाच मिळतं.” मग दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि मी गाडीत बसले.

दिवसभर नुसता घाम. पंख्याखाली बसूनही पदर ओला. चारच्या सुमारास पूर्वेला, पारसिकच्या डोंगरामागे, ढग चढायला लागले. इथल्या माणसाला जुलैत विचारा पाऊस कुठून येतो, तो हात समुद्राकडे करेल. ऑक्टोबरात तोच हात डोंगराकडे जातो. मोसमी वारे माघारी फिरले की वरची हवा पूर्वेकडून वाहते. दुपारच्या उन्हात घाटमाथ्यावर ढग तयार होतात आणि ही हवा त्यांना संध्याकाळपर्यंत कर्जत-बदलापूरवरून पनवेल-ठाण्याकडे आणून सोडते.

जुलैत इथे एका दिवसात दोनशे मिलिमीटर कोसळतो, तरी विजा अगदी कमी. पावसाचा जोर आणि विजांचा जोर यांचा थेट संबंध नाही, हे आमच्या वर्गातल्या हुशार मुलांनाही पटायचं नाही. वीज तयार व्हायला ढगात खूप उंचावर, शून्याच्या बऱ्याच खाली गेलेल्या थंडीत, बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटाव्या लागतात. हलके कण एक भार घेऊन वर निघून जातात, जड गारा दुसरा भार घेऊन खाली राहतात. समुद्रावरून येणाऱ्या पावसाळी ढगांत वर चढणारा झोत तेवढा जोरकस नसतो. तापलेल्या जमिनीवर वाढलेल्या ढगात तो असतो. म्हणून मिरजेकडे वळिवात विजा आणि इथे हस्त-चित्रात.

भावजय घरभर फिरून प्लग काढत होती. टीव्ही, राउटर, शेवटी फ्रिजसुद्धा. “वन्सं, आधी तुमचा मोबाइल चार्जिंगवरून काढा बरं.” भाच्याने दामिनी अ‍ॅप उघडलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं हे अ‍ॅप, आसपास नुकत्याच पडलेल्या विजा नकाशावर दाखवतं. ठिपके आधी पनवेलच्या पलीकडे होते, ते तळोज्याकडे सरकले. तो नकाशा बघत होता, मी सेकंद मोजत होते. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं की किलोमीटर मिळतात. “आत्या, बारा!” म्हणजे चार किलोमीटर, साधारण खारघरच्या डोंगरावर.

स्वयंपाकघरात वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर अजून आहे. मीडियम वेव्ह लावून ठेवली. वीज चमकली की त्याच क्षणी त्यातून खर्रर्र. गंमत म्हणजे खिडकीतून काहीच दिसलं नाही तरी मधूनच खर्रर्र व्हायचं. डोंगराआड, ढगातल्या ढगात झालेल्या विजा डोळ्यांना कळत नव्हत्या, रेडिओला कळत होत्या. एफएम लावलं तर गाणं स्वच्छ. भाच्याने कारण विचारलं आणि मला तेच हवं होतं: मीडियम वेव्हमध्ये आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि वीज नेमकी उंचीत ढवळाढवळ करते, एफएममध्ये तो वारंवारतेत असतो. भाऊ आतून ओरडला, “ताई, तास संपला असेल तर जेवायला या.”

पाऊस नऊला आला, अर्धा तास पडला.

रविवार, सीवूड्स, करावे, बेलापूर

कमिटीच्या लोकांना रविवारीच वेळ असतो, म्हणून भावाला रविवारी सुट्टी नाही. सकाळी सीवूड्समध्ये, पामबीच रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला एका सोसायटीत गेलो. मागच्या भिंतीपलीकडे तिवरं. फ्लेमिंगो यायला अजून अवकाश होता, बगळे तेवढे होते.

मला गच्चीवर जायची घाई होती. भाऊ म्हणाला, “वर काय, सळई आहे. खाली बस.” आणि पार्किंगच्या कोपऱ्यातलं बिडाचं झाकण पहारीने उचकटलं. आत हातभर लांबी-रुंदीचा विटांचा हौद, मधोमध पाइपाचं तोंड, त्यात नरसाळं, नरसाळ्यावर जाळी. पाइपाभोवती खोलवर कोळसा आणि मीठ यांचे थर भरलेले असतात. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीतून वीज वाहू देतं. उन्हाळ्यात नरसाळ्यातून पाणी ओतायचं असतं. ते बहुतेक सोसायट्यांत कुणी ओतत नाही, कारण हौद कुठे आहे हे ज्या वॉचमनला माहीत असतं तो नोकरी सोडून गेलेला असतो.

मग त्याने लांब वायरच्या टोकांना दोन खिळे लावून बागेत अंतराअंतरावर ठोकले आणि अर्थ टेस्टरचं बटण दाबलं. काट्याच्या जागी आता आकडा येतो, माती विजेला किती अडवते त्याचा: १.८ ओहम. विजेसाठीचं अर्थिंग दहा ओहमच्या आत असावं असा संकेत आहे. “खाडीची माती आहे ना,” तो म्हणाला, “मिठागराचं पाणी पितेय. इथे मी नुसती सळई ठोकली तरी आकडा येतो.”

पण त्याच मातीची दुसरी बाजू त्याने लगेच दाखवली. मागच्या वर्षी बदललेला जुना पाइप कंपाउंडला टेकवून ठेवला होता. जस्त चढवलेलं लोखंड म्हणे. मी हातात घेतला तर पापुद्रे निघून तळव्यावर आले, मधे एके ठिकाणी बोट आरपार गेलं. जी माती वीज पटकन गिळते तीच लोखंडही गिळते. आकडा चांगला येतो म्हणून निर्धास्त राहायचं आणि एका पावसाळ्यानंतर खाली पाइपच उरलेला नाही, असं खाडीकाठी होतं.

वीज वरून खाली पडते हे अर्धंच खरं. ढगातून आधी एक अंधूक वाट निघते, साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, वेडीवाकडी, चाचपडत. ती जमिनीजवळ आली की खालून, झाडाच्या शेंड्यातून, गच्चीच्या टोकातून, माणसाच्या डोक्यातूनसुद्धा, भाराचे धागे वर उठतात. त्यातला एक वरच्या वाटेला भेटला की जोडणी झाली. आणि डोळे दिपवणारा जो लोळ आपण पाहतो तो त्या वाटेने खालून वर जातो. अंगठ्याएवढ्या जाडीच्या त्या वाटेतली हवा तीस हजार अंशांच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. एकाच वाटेने असे तीन-चार फेरे होतात, म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. एलए विजेला अडवत नाही. आपला धागा इतरांच्या आधी वर पाठवतो आणि आलेला तीसेक हजार अँपिअरचा प्रवाह पट्टीवरून खड्ड्यापर्यंत नेतो. खड्डा घेणारा नसेल तर तो प्रवाह नळाच्या पाइपातून, केबलमधून, लिफ्टच्या खांबातून आपली वाट काढतो.

दुपारी करावे गावात एक माड दाखवला. मागच्या जूनमध्ये त्याच्यावर वीज पडली. शेंडा जळून गेलेला, झावळ्या नाहीत, नुसता काळा सोट. शेजारचं घर कौलारू, त्याला ओरखडा नाही. पण गल्लीच्या टोकाच्या इमारतीत, तीही माडापासून चांगली लांब, लिफ्टचं कार्ड, इंटरकॉम आणि सीसीटीव्हीचा डबा, तिन्ही एका क्षणात गेले. त्या इमारतीवर काही पडलंच नव्हतं. विजेचा प्रवाह इतक्या झटक्यात वाढतो की आसपासच्या लांब तारांमध्ये आपोआप विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उठतो. तारा जितक्या लांब तितका तडाखा मोठा. लाईटच्या जाड वायरी तो सोसतात, नखाएवढ्या चिपा सोसत नाहीत. बल्ब चालू आणि कॅमेरा मेलेला, असं चित्र त्यामुळे दिसतं.

संध्याकाळी बेलापूरच्या किल्ल्यावर गेलो. उघड्या काळ्या कातळावर वीज पडली की तो दगड जागच्या जागी चुंबक होतो, होकायंत्राची सुई त्याच्याजवळ भरकटते. प्रयोगशाळेतलं होकायंत्र मी मिरजेहून मुद्दाम आणलं होतं. सगळ्या बुरुजाभोवती वाकून वाकून फिरले. सुई उत्तर सोडेना. दोन कॉलेजची पोरं विचारून गेली, काकू काही हरवलंय का.

सोमवार, कोजागरी

ही रात्र मला सगळ्यात जास्त आवडली, दूध खाली सांडलं तरी.

सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं, केशर-वेलची घालायचं काम आज्यांकडे. चंद्रही पूर्वेकडून यायचा आणि ढगही. आधी चंद्र आला. माथ्यावर आभाळ निरभ्र, चांदणं टिपूर. पारसिकपलीकडे मात्र दर मिनिटाला उजेड फडफडत होता. मुलं टाळ्या पिटत होती. एवढ्यात लांबून, अगदी हलकी, गडगड ऐकू आली.

भाऊ उठला. “खाली चला सगळे. स्टिल्टमध्ये.”

“अहो, डोक्यावर एक ढग नाही,” सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले. “आणि एवढा तुम्हीच लावलेला एलए आहे की वर.”

“तो बिल्डिंगसाठी आहे, साहेब. तुमच्यासाठी नाही.”

दोन्ही मुद्दे विचार करण्यासारखे होते. ढगाच्या बाहेर पडून आडवी धावलेली वीज पंधरा किलोमीटरवरच्या कोरड्या जागेवर पडल्याच्या नोंदी आहेत. गडगडाट साधारण तेवढ्याच अंतरावरून ऐकू येतो. म्हणजे आवाज कानावर आला की तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, डोक्यावर चांदणं असो की नसो. आणि एलएच्या पट्टीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाकडे प्रवाह पट्टी सोडून उडी मारू शकतो. झाडाखाली उभ्या माणसाचं होतं तेच. शेवटची गडगड ऐकल्यावर अर्धा तास बाहेर जायचं नाही, हा जगभरचा नियम आहे. तो पाळला तर कोजागरीचं दूध थंड होतं, हेही खरं.

पातेलं उतरवताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेरभर दूध जिन्यावर गेलं. खाली गाड्यांच्या मधे गोल करून बसलो. रत्नागिरीकडच्या एका आजींनी घरी जाऊन गॅलरीत कोयता ठेवून आल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे वीज कडाडायला लागली की अंगणात लोखंड टाकतात. कुणीतरी मोबाइलने वीज ओढली जाते का विचारलं. नाही जात. मोकळ्या मैदानात उभं राहणं ओढतं, हातातल्या मोबाइलने फरक पडत नाही.

मग आजींनी विचारलं, “इथे कुणी पायाळू नाही ना?”

भावाने ताबडतोब माझ्याकडे बोट केलं. मी पायांकडून जन्मलेली. लहानपणी वळीव आला की आई मला माजघरात धान्याच्या कणगीमागे बसवायची, भावंडं अंगणात गारा वेचायची आणि मी आतून रडायची. पायाळूवर वीज पडते, ही समजूत आमच्याकडे अशी घट्ट की वाड्यातले बाकीचे लोक पावसात माझ्याजवळ उभे राहायचे नाहीत. पुढे शिक्षिका झाल्यावर मी वर्गात रॉय सुलिव्हनची गोष्ट सांगायचे. अमेरिकेतल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचा हा रक्षक. १९४२ ते १९७७ मध्ये त्याच्यावर सात वेळा वीज पडली आणि साती वेळा तो वाचला. गिनेस बुकात नाव आहे, पायाळूचा रकाना मात्र तिथे नाही. आयुष्यभर डोंगरमाथ्यावर, टेहळणीच्या मनोऱ्यात, उघड्यावर नोकरी हे त्याचं कारण. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मला गाड्यांच्या आतल्या बाजूला सरकवलं.

भाच्याला व्होल्टमध्ये उत्तर हवं होतं. तेही आपल्या देशातलं आहे. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग चालतो. आकाशातून सतत येणारे म्यूऑन कण तिथे मोजतात. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात त्या कणांची संख्या अचानक घटली आणि घट किती यावरून ढगातला विजेचा दाब काढला: १३० कोटी व्होल्ट. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. “घरात किती?” “दोनशे तीस.” तो बराच वेळ शून्यं मोजत बसला.

दहानंतर एकदाच जवळ कडाडलं. पार्किंगमधल्या पाच-सहा गाड्यांचे अलार्म एकदम सुरू झाले आणि चाव्या वर घरात. तो गोंधळ निस्तरेपर्यंत दूध संपलं होतं. साडेअकराला वर जाऊन पाहिलं, चंद्र होता तिथेच होता.

मंगळवार, येऊर

ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघा, विटावा, कळव्याचा पूल आणि ठाण्यात. उपवन तलावावरून येऊरचा चढ लागला तशी हवा बदलली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ही ठाण्याकडची बाजू. वणीच्या पाड्याकडे एका शेतघराचं अर्थिंग बघायचं होतं.

इथे खाडीची मिजास नाही. वर वीतभर लाल माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. टेस्टरवर आकडा आला ४३. भावाने खिळे दुसरीकडे ठोकून पाहिले: ३९. “आता इथे खोल जाता येत नाही, म्हणून आडवं जायचं,” तो म्हणाला आणि मजुरांना चर कुठून कुठे खणायचा ते फक्कीने आखून दिलं. खोल एक खड्डा करण्याऐवजी लांब पट्टी पुरायची, घराला वळसा घालून. एका सरळ रेषेत वीज जिरत नाही तर चारी बाजूंना वाटून द्यायची. सीवूड्सला जे काम दोन तासांचं, ते इथे आठवड्याचं.

चर खणत होते तोवर पाड्यावरच्या एका आजोबांनी मला ऐन दाखवायला नेलं. वीज पडलेलं झाड. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तळहाताएवढ्या रुंदीचा पट्टा सोललेला, सरळ नाही, खोडाला पीळ घालत उतरलेला, लाकडाचे तंतू जसे गेले तसा. आतलं लाकूड उन्हाने राखाडी पडलेलं. कडेने साल गुंडाळून पुन्हा चढू लागली होती आणि त्या ओठावर मुंग्यांची ये-जा. जळल्याची खूण कुठेच नाही. खोडातल्या ओलीची एका क्षणात वाफ झाली आणि तिने साल आतून उडवली. सालीचे तुकडे शेताच्या बांधापर्यंत मिळाले, असं आजोबांनी हाताने अंतर दाखवून सांगितलं. ऐन खोडात पाणी साठवणारं झाड, त्यामुळे दणका मोठा. पण झाड मेलं नाही. पानं होती.

“झाड जगलं बाई, म्हैस गेली,” आजोबा म्हणाले. “म्हैस झाडाखाली नव्हती. तिथं, त्या खडकावर होती. पोरगा तिच्याजवळ. पोरगा वाचला.”

हे ऐकून कुणी म्हणेल, नशीब. पण तसं नाही. कातळ विजेला पटकन जिरू देत नाही. मग ती वरच्या ओल्या थरातून पसरत जाते आणि झाडापासून लांबवर जमिनीत दर पावलाला दाब बदलत राहतो. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय पाच-सहा फुटांवर. दोहोंमधल्या दाबाचा फरक मोठा आणि वाटेत काळीज. माणसाचे पाय जवळ, प्रवाह बहुधा एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो. विजेने इजा झालेल्यांचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात की थेट अंगावर वीज पडलेले शेकडा तीन ते पाच असतात आणि निम्म्याहून अधिक जणांना ती जमिनीतून भेटते. एका झाडाजवळची वीस-वीस मेंढरं एकदम आडवी झाल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ साली देशभरात विजेने २,८८७ माणसं गेली. मेंढरं आणि म्हशी त्यात नाहीत.

पोराच्या पाठीवर नेच्याच्या पानाची लाल नक्षी उठली होती, म्हणे. देठ, त्याला फाटे, फाट्यांना फाटे. बघायला सगळा पाडा जमला, कुणी देवीचं म्हणालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेली, डागही राहिला नाही. मी ही नक्षी पुस्तकात पाहिली होती, तिला लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे. १७७७ मध्ये त्याने विजेचा भार दिलेल्या थाळीवर धूळ टाकून तशीच आकृती काढली होती. कातडीवर ती भाजल्याची खूण नसते, म्हणून तर मिटते. पोराला हात लावायला लोक आधी घाबरत होते, त्याच्या अंगात वीज आहे म्हणून. अंगात काही उरत नाही. श्वास बंद पडला असेल तर त्याच क्षणी छाती दाबायला घ्यावी लागते. वीज लागलेल्यांपैकी दहात नऊ जगतात आणि जे जातात ते बहुतेक हृदय थांबून.

आजोबांच्या सुनेने चहा दिला. तिचं म्हणणं, गडगडाट चांगला झाला की अळंबी चांगली उगवते, श्रावणात ती ठाण्यात विकायला नेते. जपानच्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी अळंबीच्या ओंडक्यांना विजेचे झटके देऊन पाहिले, काही जातींचं पीक जवळजवळ दुप्पट आलं. मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग? आम्ही काय खोटं बोलतो?”

चार वाजता मुंब्र्याच्या बाजूचं आभाळ काळं झालं. भावाने काम थांबवलं, पहारी-फावडी जमिनीवर आडवी टाकायला लावली, मजुरांना शेतघरात बसवलं. आम्ही निघालो. उतार संपवून उपवनला पोचतो तोच टपोरे थेंब. तलावाकाठचा मक्याच्या कणसांचा गाडा तसाच सोडून गाडेवाला बसस्टॉपकडे पळाला. भावाने छोटा हत्ती कडेला घेतला, काचा वर केल्या, म्हणाला, “हात दाराच्या लोखंडाला लावू नको, मांडीवर ठेव.” टायर रबराचे म्हणून गाडी सुरक्षित, असं लोक समजतात. आकाशातून किलोमीटरभर हवा फाडून आलेल्या विजेला चार बोटं रबर काय अडवणार? टपाचा आणि दारांचा पत्रा वाचवतो. प्रवाह बाहेरच्या बाहेर पत्र्यावरून जमिनीत जातो. वरून नुसतं कापडाचं छत असलेल्या रिक्षात ही सोय नाही.

आणि ती पडली. येऊरच्या उतारावर, झाडीत, आमच्यापासून फार तर दोनशे मीटरवर. सेकंद मोजायला वेळच नाही. आधी चट् असा बारीक आवाज आला, मग सगळा उजेड पांढरा, सावली कशालाच नाही. आवाज गडगडाटाचा नव्हताच. पत्र्याच्या शेडवर कुणी ट्रकभर खडी एकदम ओतावी तसा. छातीत आतून धक्का बसला. डोळे मिटले तरी झाडाची एक काळी रेघ पापण्यांआड तशीच होती. तलावाच्या पाण्यावर थेंबांची वर्तुळं पुन्हा दिसायला लागली तेव्हा कळलं की आपण बघतोय. काच जराशी खाली केल्यावर तिखट, धातूसारखा वास आला. झेरॉक्सच्या दुकानात येतो तो, ओझोनचा. कणसाच्या गाड्यावरचा दिवा विझला होता आणि समोरच्या इमारतीत लाईट गेले.

भाऊ स्टिअरिंगवर हात न ठेवता बसला होता. “पायाळू बरोबर आहे म्हणून सांगायला हवं होतंस गाडीत बसताना,” म्हणाला.

बुधवार, कळवा

सकाळी सातपासून त्याचा फोन. राउटर गेला, गेटचा बूम उघडत नाही, लिफ्ट चौथ्यावर अडकलीय, सेट-टॉप बॉक्समधून धूर आला. मला कळलेलं एवढंच की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: “आमच्या वर तर एलए आहे, मग?” त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, एलए इमारत वाचवतो, उपकरणांना मीटर पॅनेलमध्ये वेगळा एसपीडी लागतो, तो दाब वाढला की क्षणात अर्थला वाट करून देतो. हे तो दुपारपर्यंत इतक्यांना सांगत होता की शेवटी मीच दोन फोन घेतले.

कळव्याच्या एका सात मजली इमारतीत मात्र वेगळंच निघालं. गच्चीवर एलए झकास. पाच टोकांचा, पितळी, चकचकीत, नुकताच पॉलिश केल्यासारखा. त्याच्यापासून तांब्याची पट्टी पॅरापेटवरून भिंतीवर उतरलेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत. पुढे नुसते क्लॅम्प, आणि क्लॅम्पांच्या खाली भिंतीवर पट्टीच्या आकाराची स्वच्छ फिकट रेघ, जमिनीपर्यंत. पट्टी करवतीने कापून नेली होती. भंगारात तांब्याला भाव चांगला येतो. रेघेवर धूळ किती बसलीय ते बघून भावाने अंदाज केला, दोन पावसाळे तरी झाले असावेत. म्हणजे दोन पावसाळे ही इमारत विजेला वरून हात करून बोलावत होती आणि तिसऱ्या मजल्यावर सोडून देत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, पाऊस आला की कधीकधी खिडकीच्या ग्रिलला हात लावला तर झिणझिण्या येतात. भावाने तिथल्या तिथे त्यांना पावसात ग्रिलला हात लावायला बंदी केली.

कमिटीची मीटिंग वॉचमनच्या खोलीसमोर, उभ्या-उभ्या झाली. खजिनदारांचा पहिला प्रश्न, तांब्याऐवजी लोखंडी पट्टी चालेल का, चोर नेत नाहीत.

“चालते. पण खाडी इथून दिसतेय, साहेब. जमिनीत गेल्यावर चार वर्षांत तुम्हीच मला परत बोलावाल.”

“मग अ‍ॅल्युमिनियम?”

“भिंतीवर चालेल, मातीत नाही. मातीत सडतं.”

शेवटी ठरलं ते असं: वरून खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, हाताला लागेल त्याच्याही वर तीन मीटरपासून खाली जाड पीव्हीसी पाइपात बंद, म्हणजे चोरालाही नाही आणि पावसात खेळणाऱ्या पोरांनाही नाही. जमिनीत तांबं, जोडावर दोन धातूंची खास क्लिप, नवीन खड्डा, आणि पॅनेलमध्ये एसपीडी. कोटेशन मी लिहून घेतलं, माझं अक्षर बरं आहे म्हणून. खजिनदारांनी एकूण रकमेवर बोट ठेवून दहा टक्के कमी करा म्हटलं. भावाने पाच केले. ते म्हणाले, दिवाळीनंतर बघू. भाऊ म्हणाला, चित्रा नक्षत्र दिवाळीपर्यंत आहे, मी उद्या माणसं पाठवतो, पैसे दिवाळीनंतर द्या.

माझी गाडी रात्री नऊची, वाशीहून.